कुटुंब मोठे करणारा माणूस : लक्ष्मणराव किर्लोस्कर

(गंगापूर येथे पितृपक्षात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पितृपक्ष सुरू आहे. घरोघर पितरांचे पान वाढले जात आहे. आपण वडील, आजोबा, पणजोबा यांची नावे घेऊन तीळ-पाणी सोडतो. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे. आपल्या पूर्वजांनी या विधीत आणखी एक सोय करून ठेवली आहे. ज्यांच्या मागे पाणी द्यायला कोणीही उरले नाही, अशा अनामिकांनाही आपल्या ओंजळीतील थोडे पाणी द्यावे, असे त्यांनी सांगितले. पितरांचे स्मरण घरापासून सुरू होते, पण ते घराच्या भिंतीपाशी थांबत नाही, हा त्यातील भाव आहे.

आज मला एका ‘उदार, कष्टाळू आणि कुटुंबवत्सल गृहस्था’विषयी बोलण्यास संयोजकांनी सांगितले. असे गृहस्थ या सभागृहातील प्रत्येकाच्या घरी होऊन गेले असतील. मी मात्र ज्यांचे स्मरण करणार आहे, ते लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा स्मृतिदिन बहुधा पितृपक्षाच्या आगेमागेच येतो. उद्योगपती म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्याकडे गृहस्थ म्हणून पाहायचे आहे.

तुम्ही विचाराल, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, त्यांचे जन्मगाव बेळगावकडे; गंगापूरशी त्यांचा काय संबंध? संबंध दुहेरी आहे. आपला हा तालुका गोदाकाठच्या काळ्या जमिनीचा आहे आणि ज्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, ते वाळूजही याच तालुक्यातले. म्हणजे एका अंगाला नांगर आणि दुसऱ्या अंगाला यंत्र. लक्ष्मणरावांनी आयुष्यभर या दोहोंमधलेच अंतर कमी केले. शिवाय आपल्याकडच्या जुन्या माणसांना विहिरीवरच्या इंजिनाचे नाव विचारा. ते कुठल्याही कंपनीचे असो, त्यांच्या तोंडी ‘किर्लोस्कर’च येईल.

माझा संबंध जरा अधिक जवळचा आहे. माझे आजोळ याच तालुक्यातले. आजोबांनी घेतलेला एक लोखंडी नांगर तेथील वाड्याच्या अंगणात निंबाखाली असे. आजोबा गेल्यावर दोघा मामांची वाटणी झाली. वाटणीत नांगर थोरल्या मामांकडे गेला आणि बैलांची चांगली जोडी धाकट्या मामांकडे. बोलणे बंद झाले. नांगराला ओढणारे बैल नाहीत आणि बैलांना जुंपायला तसा नांगर नाही. दोन्ही शेते लाकडी नांगराने जेमतेम ओरबाडली जात आणि लोखंडी नांगर निंबाखाली गंजत राहिला. हे सारे माझ्या जन्माच्या आधीचे. आई सांगत असे. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना मला हाच नांगर डोळ्यांसमोर दिसत होता.

बंधुभगिनींनो, आपल्या जिल्ह्याला उदार गृहस्थाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. पैठण येथून दूर नाही. नाथमहाराजांनी संसार सोडला नाही. गिरिजाबाईंसह नेटका प्रपंच केला आणि त्या प्रपंचाचे दार सर्वांसाठी उघडे ठेवले. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मूल त्यांनी कडेवर घेतले आणि त्याच्या घरी नेऊन पोहोचविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. गृहस्थाश्रम हा इतर आश्रमांचा आधार आहे असे आपली परंपरा म्हणते. तो आधार कसा व्हावा, हे पैठणच्या त्या घराने दाखविले. लक्ष्मणराव काही संत नव्हते. ते यंत्रात रमणारे, लोखंडाशी झुंजणारे गृहस्थ होते. पण दार उघडे ठेवण्याची ती रीत त्यांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. शाळेच्या पुस्तकांत त्याचे मन रमेना. १८८५ च्या सुमारास तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे एक दुर्दैव समोर आले. त्याला काही रंगांतला फरक ओळखता येत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? पण त्याने रंग बाजूला ठेवले आणि रेषा धरून ठेवली. यांत्रिक रेखाटन तो शिकला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागला.

याच काळात दोन भावांची एक जोडी उभी राहिली. मुंबईत लक्ष्मणराव, बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा. सायकल त्या वेळी नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत, रामूअण्णा त्या बेळगावात विकत आणि गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही शिकवीत. १८८८ साली सुरू झालेल्या या छोट्या दुकानापासून किर्लोस्कर उद्योगाची वर्षे मोजली जातात. दुकानावर नाव लागले ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. पुढे कंपनी झाली, शेकडो माणसे कामाला लागली, नांगर, पंप, इंजिने देशभर गेली, तरी त्या नावातला भाऊ कोणी पुसला नाही. बुद्धी एकाची, व्यवहार दुसऱ्याचा. श्रेय मात्र पाटीवर दोघांचे. ज्या घरात ‘हे मी कमावले’ आणि ‘ते तू उधळलेस’ असा हिशेब सुरू होतो, त्या घराने ही पाटी एकदा डोळ्यांसमोर आणावी.

मुंबईतील नोकरीत लक्ष्मणरावांचा बढतीचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला. पदरी संसार असलेल्या माणसाने बांधलेला पगार सोडणे किती अवघड असते, हे येथे बसलेल्या प्रत्येक कर्त्या माणसाला ठाऊक आहे. अपमान गिळून महिन्याच्या एक तारखेची वाट पाहणारे असंख्य असतात आणि घरासाठी ते तसे करतात, म्हणून त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण लक्ष्मणरावांना राजीनामा देता आला, याचे एक कारण बेळगावात होते. परत जायला भावाचे घर होते. माणसाचा स्वाभिमान अनेकदा दुसऱ्या कोणाच्या तरी भक्कम खांद्यावर उभा असतो.

बेळगावात त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग १९०३ साली लोखंडी नांगर. त्याच वर्षी २८ मे रोजी त्यांच्या घरी पाळणा हलला. थोरले चिरंजीव शंतनुराव जन्मले. घरात मूल आणि कारखान्यात नांगर, दोन्ही एकाच वर्षीचे. मुलाचे कोडकौतुक झाले असेल. नांगराला मात्र कोणी जवळ करीना. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. जवळजवळ दोन वर्षे नांगर पडून राहिले. घरात तान्हे मूल, गुंतविलेला पैसा अडकलेला, आणि समोर न विकल्या गेलेल्या मालाचा ढीग. त्या दोन वर्षांतल्या रात्रींची कल्पना गृहस्थाने करून पाहावी. तरी त्यांनी नांगर मोडीत काढला नाही.

शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, पण शहरात वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. लाकडी नांगर माती उकरतो, उलटवीत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि त्याच्या मागचा वळणदार पत्रा मातीचा थर उलथून टाकतो. आपल्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंद्याची मुळे खोलवर पसरलेली असतात. ती वर येऊन चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळली, की पेरणीनंतर निंदणीचे निम्मे कष्ट वाचतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिल्यावर शेतकऱ्याचा समज आपोआप गळून पडला. ज्याने जमिनीचा अंतर्भाग एका पिढीला उघडून दाखविला, त्या माणसाला शेतकऱ्याचा सोयरा म्हणावे लागेल.

थोडी घडी बसते न बसते तोच बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली. नगराच्या विस्तारासाठी ती जागा हवी होती. उभा कारखाना हलवायचा कोठे? तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे आणि स्वतः चित्रकार असलेले हे राजे. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, पाण्याची वानवा आणि जागोजाग साप. १९१० साली लक्ष्मणराव तेथे गेले. सोबत सुमारे २५ कामगार होते, आणि ते आपल्या बायकामुलांसह आले होते.

मला या प्रसंगातील ‘बायकामुलांसह’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. रानात जाऊन कारखाना टाकायचा असेल तर आधी यंत्रे न्यावीत, छप्पर घालावे आणि माणसांना मागाहून बोलवावे, हा झाला व्यवहार. येथे कुटुंबे बरोबरच निघाली. आपल्या घरधन्याबरोबर रानात राहायला जाणाऱ्या त्या माउलींची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईही त्यांच्यातल्याच एक. कर्त्या पुरुषाचे चरित्र आपण लिहितो. त्याने घेतलेल्या प्रत्येक धाडसाची किंमत चुलीपाशी कोणीतरी मुकाट्याने मोजत असते. आज लक्ष्मणरावांना वंदन करताना त्या सर्व भगिनींनाही वंदन करू या.

त्या रानातून किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे रेल्वे स्थानकालाही तेच नाव मिळाले. या वाडीत कोण कोण राहायला आले ते पाहा. शाळा अर्धवट सोडलेली, घरच्यांनी वाया गेलेली ठरविलेली मुले आली. ती यंत्रावर हात बसवून निष्णात कारागीर, अभियंते झाली. अनेक धंद्यांत अपयश आलेले गृहस्थ आले आणि जबाबदारीच्या जागी बसले. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलेली माणसेही आली. समाज त्यांना उंबऱ्याशी उभे करीत नव्हता. लक्ष्मणरावांनी त्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर चोरीचा शिक्का त्याच्याच हाती राखण! आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. हे विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहे, हे लक्षात घ्यावे. समरसता हा शब्द आपण आज व्यासपीठावरून उच्चारतो. त्यांनी तो न उच्चारता पाणवठ्यावर आणि कामाच्या जागी आचरणात आणला.

औदार्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देणगीची पावती येते. देणगी मोठीच गोष्ट आहे. तिच्यावर कितीतरी सेवाकार्ये चालतात. पण पैसा देताना आपण फार तर थोडे कमी श्रीमंत होतो. तुरुंगातून आलेल्या माणसाच्या हाती किल्ल्या देताना आपले नाव, आपला संसार आणि भोवतालच्या लोकांचा आपल्यावरचा भरवसा, हे सारे पणाला लागते. लक्ष्मणरावांनी लोकांना विश्वास दिला. माझ्या मते ते त्यांचे सर्वांत मोठे दान.

पत्रकार म्हणून मी त्यांचे आणखी एक ऋण मानतो. त्यांचे पुतणे शंकरराव, म्हणजे मराठी वाचकांचे ‘शंवाकि’, वृत्तीने कलावंत. कारखान्याच्या हिशेबी जगात अशा मुलाला एका कोपऱ्यात बसविणे सहज शक्य होते. पण १९२० साली तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघाले. आधी नांगर-यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्रक पाहता पाहता मराठी घराघरांतले ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. त्या मासिकांतील सगळीच मते सर्वांना पटत नसत. अनेक वाद त्यांनी ओढवून घेतले. पण नांगराच्या कारखान्यातून तीन तीन मासिके निघावीत आणि त्यांनी दोन पिढ्यांना वाचायला शिकवावे, हे नवल आहे. घरातल्या प्रत्येक मुलाला एकाच साच्यात ओतायचे नसते, हे ओतकाम करणाऱ्या त्या काकांना कळले होते.

आणि स्वतःच्या मुलाचे काय? शंतनुरावांना त्यांनी १९२२ साली यंत्रशास्त्र शिकण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत पाठविले. ज्यांना स्वतःला विद्यापीठाची पदवी नव्हती, त्या वडिलांनी मुलाला समुद्रापार धाडले आणि पदवी घेऊन परतलेला मुलगा वाडीच्याच मातीत उतरला. पुढे हरिहर, बंगळूर, पुणे येथे कारखाने उभे राहिले. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली ऑइल इंजिनांचा कारखाना सुरू झाला. आपल्या विहिरींवर ज्यांची भकभक आपण ऐकली, ती इंजिने त्या वंशातली. शंतनुरावांनी पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नावच ‘कॅक्टस अँड रोझेस’. वडिलांच्या वाट्याला आलेला निवडुंग मुलगा विसरला नव्हता.

आयुष्याच्या संध्याकाळी एक मोठा आघात झाला. १९४८ च्या आरंभी, महात्मा गांधींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तिच्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही पेटविण्यात आला. लक्ष्मणराव त्या वेळी ७८ वर्षांचे होते. चार दशकांचा संसार जळताना ऐकणे या वयात काय असेल? हत्या जितकी निंद्य, तितकीच निरपराधांवर सूड उगविणारी ती जाळपोळही निंद्य. पण त्या राखेवर कोणी कायमचे बसून राहिले नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. यंत्रे जळतात, ज्या माणसांना घरच्यासारखे वागविले त्यांच्या हातांतले कसब जळत नाही. १९५६ साली लक्ष्मणरावांनी डोळे मिटले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

येथे थांबलो असतो तर भाषण गोड झाले असते. पण पत्रकाराने अर्धे सांगू नये. याच घराण्याच्या पुढच्या पिढ्यांतील वाद अलीकडच्या वर्षांत न्यायालयात गेले, थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हे ठरविणारे आपण कोण? मी ते टीका म्हणून सांगत नाही. ज्या घराच्या पाटीवरच ‘ब्रदर्स’ लिहिले होते, त्या घरालाही हे चुकले नाही, तर तुमची-आमची काय कथा, एवढेच मला म्हणायचे आहे. जमीन वारशाने मिळते, भागभांडवल वारशाने मिळते; भाऊपण वारशाने मिळत नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने कमवावे लागते.

मी हे गंगापुरात सांगतो आहे, याला कारण आहे. वाळूजमुळे या तालुक्यातील जमिनीला भाव आला. समृद्धी महामार्ग आला, आणखी भाव आला. जमिनीला भाव आला आणि भाऊ मात्र दुरावला, असे किती घरांत झाले, ते तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. मोबदल्याच्या पैशाने बंगला झाला, गाडी आली. आणि बांध कोरल्याच्या दाव्यात दोघे सख्खे भाऊ तहसील कचेरीच्या दोन बाकांवर पाठ फिरवून बसले. उद्या या दोघांच्या वडिलांचे श्राद्ध दोन घरांत वेगवेगळे होईल. कावळा कोणाच्या पानाला शिवावा?

आता त्या निंबाखालच्या नांगराची गोष्ट पुरी करतो. १९७२ चा दुष्काळ आला. धाकट्या मामांच्या जोडीतला एक बैल चाऱ्यावाचून गेला, एक कसाबसा वाचला. थोरल्या मामांकडेही एकच बैल उरला होता. दोघेही भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडत होते, पण शेजारी बसत नसत. पुढच्या उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, एके दिवशी भल्या पहाटे थोरले मामा धाकट्याच्या अंगणात आले. बोलले काहीच नाहीत. स्वतःचा एक बैल त्यांनी तेथे बांधला आणि निंबाखालच्या नांगराला जाऊन तेल घालू लागले. धाकटे मामा थोडा वेळ पाहत राहिले. मग आपला बैल सोडून घेऊन आले. शेजाऱ्याने दोन जोड्या दिल्या आणि नांगर पुन्हा जमिनीत उतरला. आई सांगे, पहिले तास धाकट्याच्या शेतात पडले. थोरल्यांचा तसा आग्रह होता.

त्यांची वाटणी काही मोडली नाही. सातबारे वेगळेच राहिले, चुलीही वेगळ्याच राहिल्या. वाटणी होणे हे पाप नव्हे. संसार वाढला की ती व्हायचीच. पण त्यानंतर नांगर कोणाचा, हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नाही. दोघेही मामा आज नाहीत. ट्रॅक्टर आला, नांगराचे काम संपले. तो अजून त्या अंगणात आहे.

बंधुभगिनींनो, सर्वपित्रीला अजून काही दिवस आहेत. तोपर्यंत एक गोष्ट करता आली तर करावी. ज्या भावाशी, चुलत्याशी, भावकीतल्या ज्या माणसाशी बोलणे बंद आहे, त्याच्या अंगणात एकदा जाऊन यावे. काही बोलता आले नाही तरी चालेल. आणि घरी परतताना ज्याला कोणी उंबऱ्याशी उभे करीत नाही, असा एखादा तरुण दिसला, तर त्याच्या हाती एखादे काम आणि एक किल्ली देऊन पाहावी. लक्ष्मणरावांचे तर्पण यापेक्षा निराळे असेल, असे मला वाटत नाही.

त्या कष्टाळू, उदार गृहस्थाच्या स्मृतीस आणि तुमच्या-आमच्या घरातील सर्व अनाम पितरांना वंदन करून मी आपली रजा घेतो.